धर्मांतर, स्थलांतर आणि न्याय : खानदेशातील ख्रिस्ती समाज

खानदेशात कार्य केलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची स्थापना १८९० मध्ये शिकागोत फ्रेडरिक फ्रॅन्सन या स्वीडिश स्थलांतरिताने केली. येथील काही भिल्ल व मावची कुटुंबे ख्रिस्ती झाली, तरी त्यांचा अनुसूचित जमातीचा दर्जा अबाधित राहिला. ख्रिस्ती दलितांना मात्र १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीच्या दर्जातून वगळले. परिणामी धुळे-जळगावात एकाच चर्चमधील दोन कुटुंबांचे हक्क भिन्न ठरतात. रोजगारासाठी सुरतेस स्थायिक झालेल्या आदिवासीसही १९९० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार तेथे आरक्षण मिळत नाही. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये अनुसूचित जातीचा दर्जा धर्मनिरपेक्ष करण्याची शिफारस केली. यावरून असे म्हणता येईल की, वस्तीपातळीवरील न्यायकार्य केवळ धर्मादाय राहून भागणार नाही. दाखल्याचा प्रश्नही त्याला हाती घ्यावा लागेल.