मुंबईचं घड्याळ, कलकत्त्याचं घड्याळ

आजचा भाग एका फोनपासून सुरू होतो.

गेल्या डिसेंबरात मी कोलकात्यात बाबूघाटावर बसलो होतो. हातात झालमुरीचा कागदी ठोंगा, समोर हुगळी. हावड्याकडे जाणाऱ्या लाँचवर दिवे लागले होते. मोबाइलमध्ये पाहिलं, तर सव्वापाच! गिरगावात आईला फोन लावला, तर ती म्हणाली, "अरे, आत्ताच चौपाटीवर निघालेय. ऊन आहे अजून." दोघांच्या फोनवर वेळ एकच. माझ्याकडे रात्र, तिच्याकडे दुपार सरतेय.

गणित सोपं आहे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. मुंबई आणि कोलकाता यांच्यात साधारण साडेपंधरा अंशांचं अंतर आहे. म्हणजे कोलकात्याचा सूर्य आपल्यापेक्षा जवळजवळ एक तास पुढे. एकेकाळी दोन्ही शहरांची घड्याळंही तशीच चालायची. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटं पुढे.

मग रेल्वे आली. प्रत्येक शहराची वेगळी वेळ घेऊन वेळापत्रक कसं लावणार? रेल्वेने मधली म्हणून मद्रासची वेळ धरली. १८८१ साली मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी तीच वेळ सरकारी कचेऱ्यांना लावली. मुंबईपेक्षा अर्धा तास पुढची! शहर खवळलं. राजाबाई टॉवरच्या घड्याळात विद्यापीठाने मुंबईचीच वेळ ठेवली, तर सरकारने त्या घड्याळाच्या दिव्यांचा खर्च द्यायला नकार दिला. शेवटी १८८३मध्ये सरकारलाच माघार घ्यावी लागली.

पण १ जानेवारी १९०६ला भारतीय प्रमाणवेळ आली. साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. आता नीट ऐका, खरी गोष्ट इथे आहे. मुंबईची घड्याळं एकदम ३९ मिनिटं पुढे गेली. म्हणजे 'सकाळी सहा'चा भोंगा सूर्याच्या हिशेबाने ५ वाजून २१ मिनिटांनीच वाजणार. तुम्हा-आम्हाला ३९ मिनिटं म्हणजे एक रील पाहता पाहता गेलेला वेळ. पण गिरणीत राबणाऱ्या माणसाची ती झोप होती. पुरुष कामगारांच्या कामाच्या तासांना तेव्हा कायद्याची मर्यादाही नव्हती. बारा तासांची मर्यादा १९११च्या कायद्याने आली. त्यामुळे उद्या घड्याळाच्या नावाखाली दिवस आणखी लांबवला तर काय, ही भीती खोटी नव्हती. जानेवारीतच हजारो कामगारांनी काम थांबवलं, गिरण्यांवर दगडफेक झाली. हजारो नागरिकांनी अर्जांवर सह्या केल्या. महापालिकेनेही आपल्या घड्याळांत मुंबईचीच वेळ ठेवली.

कलकत्त्यात उलटं झालं. तिथे प्रमाणवेळ म्हणजे घड्याळ सुमारे २३ मिनिटं मागे. म्हणजे संध्याकाळ आणखी लवकर अंधारणार. त्या शहरानेही आपली वेळ सोडली नाही. कलकत्त्याची वेळ १९४८पर्यंत टिकली, मुंबईची १९५५पर्यंत. राज्य इंग्रजांचं होतं तोवर 'आमची वेळ' हा हट्ट धरता आला. स्वातंत्र्यानंतर मात्र देश एक, म्हणून वेळही एक, हे दोघांनीही मान्य केलं.

मला वाटतं, ते बरंच झालं. नाहीतर रेल्वेचं तिकीट काढताना आपली दमछाक झाली असती! पण एक विसरू नका. घड्याळ एक झालं, तरी सूर्य एक झाला नाही. जूनमध्ये कोलकात्यात पाचच्या आधीच उजाडतं, मुंबईत सहा वाजतात. आसामच्या चहामळ्यांत तर आजही कित्येक ठिकाणी घड्याळ तासभर पुढे ठेवतात, त्याला 'चायबागान टाइम' म्हणतात. मजुरांना उजेडात काम मिळावं, उजेड असतानाच घरी जाता यावं, म्हणून.

घाटावरून उठलो तेव्हा सहा वाजले होते. आईचा मेसेज आला होता: "सूर्य आत्ता बुडाला." माझा कधीच बुडाला होता.

तुमच्या गावात आज सूर्य किती वाजता मावळला? बघून नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!