‘च’ची चिकित्सा : मराठीतील विवेकनिष्ठ मानसोपचार आणि योग्य उपचारकाचा शोध

मोहोळच्या एस. टी. स्थानकाबाहेर उभे राहिले की तीन वाटा समोर असतात. एक सोलापूरला जाते, एक पंढरपूरला आणि एक पुण्याकडे. मन ठिकाणावर नसलेल्या माणसाला सोबत घेऊन घरची मंडळी या तिन्ही वाटांनी पिढ्यानपिढ्या जात आली आहेत. आम्ही या गावात मराठी शिकवणारे प्राध्यापक. मानसशास्त्र हा काही आमचा विषय नव्हे. तरीही एका माजी विद्यार्थ्याने विचारलेला एक प्रश्न आम्हाला या इतिहासात घेऊन गेला.

हा विद्यार्थी पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा देत होता. चार प्रयत्न वाया गेल्यावर तो गावी परतला आणि हळूहळू घराबाहेर पडेनासा झाला. आमच्याकडे आला तेव्हा आम्ही, सगळे शिक्षक सांगतात तेच, त्याला सांगितले : मन घट्ट कर, पुन्हा बस. तो मान डोलावून गेला. काही महिन्यांनी पुन्हा आला आणि म्हणाला, “सर, कुणाला तरी दाखवावं म्हणतोय. पण बरोबर माणूस कसा वळखायचा?” त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

योग्य माणूस कोण, हा प्रश्न आमच्या भागाला नवा नाही. त्याची उत्तरे मात्र बदलत गेली. मोहोळजवळच्या वडवळला नागनाथाचे ठाणे आहे. तालुक्याच्या दक्षिणेकडून वाहणारी भीमा पुढे कर्नाटकात गाणगापूरला पोचते, आणि ‘बाहेरची बाधा’ झालेल्यांना तिथे नेण्याचा प्रघात आजही आहे. या वाटेची टिंगल करणे सोपे आहे. पण तिथे पीडिताला काय मिळत होते, हेही पाहायला हवे. त्याच्या दुःखाला एक नाव मिळे, त्याच्यासोबत घरचे कोणी तरी राही आणि दोष त्याच्या अंगावर न येता बाधेवर जाई. न मिळणारी गोष्ट एकच : आपल्या मनात नेमके काय चालले आहे ते त्याला स्वतःला तपासता येत नसे. दुसऱ्या टोकाला सरकारी वाट होती. १९१२ चा ‘ल्युनसी’ कायदा आणि येरवड्याचे इस्पितळ ही तिची ठळक चिन्हे. ते इस्पितळ आमच्यापासून दोनशे किलोमीटरहून दूर, आणि त्याचे नाव लोकांच्या तोंडी शिवीसारखे. या दोन टोकांच्या मध्ये, वेडा नसलेला पण दुःखाने जायबंदी झालेला माणूस कुठे जाणार?

मराठीत या मधल्या माणसाला पहिले पद्धतशीर उत्तर बहुधा टपालाने मिळाले. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना त्यात उत्तरे असत. ज्या गोष्टी घरात उच्चारता येत नव्हत्या त्या लोक कर्व्यांना लिहीत, आणि कर्वे त्यांना पाप-पुण्याचा हिशेब न मांडता, कोरड्या स्पष्टपणे उत्तर देत. हे उत्तर देणे स्वस्त नव्हते. १९३४ साली अशा उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, दंड झाला, तरी मासिक चालू राहिले. कर्वे काही मानसोपचारक नव्हते. परंतु अपराधभावाने पोखरलेल्या माणसाला ‘तुझ्या दुःखामागे एक चुकीची समजूत आहे, ती तपासून पाहा’ असे मराठीत सांगणारी परंपरा त्यांच्या टपालापासून सुरू होते, असे आम्हाला वाटते.

हीच गोष्ट अमेरिकेत शास्त्र म्हणून उभी राहिली ती १९५५ च्या सुमारास. अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) मनोविश्लेषणाच्या मुशीतून आलेले. वर्षानुवर्षे बालपण उकरूनही माणूस बदलत नाही, हे पाहून त्यांनी ती वाट सोडली. एपिक्टेटस या गुलामगिरीतून आलेल्या स्टोइक तत्त्वज्ञाकडून त्यांनी एक सूत्र उचलले : माणसाला अस्वस्थ करते ती घटना नव्हे, घटनेविषयी त्याने धरलेला समज. हा समज वादविवादाने तपासायचा आणि मग कृतीने मोडायचा. कृतीचा आग्रह एलिस यांनी आधी स्वतःवरच चालवला होता. एकोणिसाव्या वर्षी, मुलींशी बोलण्याची भीती घालवण्यासाठी, न्यूयॉर्कच्या वनस्पती-उद्यानात ते महिनाभर अनोळखी स्त्रियांशी बोलत राहिले. पदरात यश असे काही पडले नाही. भीती मात्र गेली. त्यांच्या पद्धतीला १९९३ पासून ‘रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी’ म्हणतात. १९६० च्या दशकात ॲरन बेक (१९२१–२०२१) यांनी नैराश्यग्रस्तांच्या मनात आपोआप उमटणाऱ्या विचारांचा अभ्यास करून स्वतंत्रपणे जवळची पद्धत उभारली. आज ‘सीबीटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बोधनिक वर्तनोपचाराचे हे दोन मूळ प्रवाह.

यांपैकी पहिला प्रवाह महाराष्ट्रात आला तोही पत्रांतून. प्रा. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी तीन दशकांहून अधिक काळ पत्रव्यवहार केला, त्यातून ही पद्धत आत्मसात केली आणि एलिस यांच्या संस्थेचे फेलो व पर्यवेक्षक होणारे ते पहिले भारतीय ठरले. गुरूशी पत्राने वाद घालत शिकलेले शास्त्र त्यांनी मराठीत आणले. पुढे डॉ. अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीतून एलिस यांचे आयुष्य मराठी वाचकांपुढे ठेवले. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात मानसिक आरोग्य संस्था स्थापन केली आणि ‘स्वभाव-विभाव’सारख्या पुस्तकातून हा विचार घराघरांत नेला.

येथे भाषेच्या शिक्षकाला एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ‘रॅशनल’ला मराठीत सरळ ‘तर्कनिष्ठ’ म्हणता आले असते. रूढ झाले ते ‘विवेकनिष्ठ’. तर्क खरे-खोटे सांगतो. विवेक सार-असारही सांगतो. दासबोध वाचलेल्या किंवा नुसत्या ऐकलेल्या माणसालाही हा शब्द परका नाही. म्हणजे आयात झालेली पद्धत एका शब्दाच्या निवडीने आपल्या जुन्या ओसरीवर येऊन बसली.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एलिस यांच्या मते माणसाच्या बहुतेक भावनिक दुखण्यांच्या मुळाशी इच्छेचे हट्टात झालेले रूपांतर असते. ‘मला यश मिळावे’ ही इच्छा निरोगी. ‘मला यश मिळायलाच हवे, नाही तर मी कवडीमोल’ हा हट्ट रोगट. इंग्रजीत या दोहोंसाठी क्रियापदे वेगळी आहेत. मराठीत ‘पाहिजे’ हे एकच पद दोन्ही कामे करते. ‘मला नोकरी पाहिजे’ ही इच्छा आहे. ‘मला नोकरी मिळालीच पाहिजे’ ही मागणी आहे. दोहोंमधली सीमारेषा एका अक्षराची : ‘च’. व्याकरणात आम्ही त्याला जोर दाखवणारे अव्यय म्हणून शिकवतो आणि पुढे जातो. मानसोपचाराच्या खोलीत तो रोगाचा ठावठिकाणा असू शकतो. अर्थात प्रत्येक ‘च’ रोगट नसतो. ‘येतोच’ म्हणणारा माणूस आजारी नसतो. कोणता ‘च’ माणसाचा गळा धरून बसला आहे, हे ऐकू येण्यासाठी ऐकणाऱ्याला ती बोली आतून कळावी लागते.

आमच्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, ते या संदर्भात सांगण्याजोगे आहे. एका मोठ्या शहरातल्या उपचारकाकडे तो प्रथम गेला. तिथे त्याला पद्धतीची माहिती मिळाली, इंग्रजीत छापलेला तक्ता मिळाला आणि सकारात्मक विचार करण्याचा सल्ला मिळाला. दोन भेटींनंतर त्याने जाणे सोडले. “समदं बरोबर सांगत होते, सर. पण माझंच दुखणं मला परकं वाटाय लागलं,” असे तो म्हणाला. दुसऱ्या ठिकाणी एका बाईंनी पहिल्या भेटीत फारसे सांगितले नाही, विचारले. ‘मी अधिकारी झालोच पाहिजे’ हे त्याचे वाक्य त्यांनी कागदावर लिहिले, ‘च’भोवती गोल केला आणि विचारले, “हा कुणाचा?” तो बराच वेळ गप्प राहिला. तो ‘च’ त्याचा नव्हता. शेतीचा तुकडा विकून शिकवणाऱ्या वडिलांचा होता. आणि, हे लिहिताना संकोच वाटतो, थोडा आमचाही होता. ‘पुन्हा बस’ म्हणताना आम्ही तो अधिकच दाबून लिहिला होता.

बाईंनी आणखी एक केले. शेत विकले गेले ही घटना खरी आहे, तिचे दुःख होणे योग्य आहे, हे त्यांनी आधी मान्य केले. एलिस यांच्या मांडणीत हा भेद मूलभूत आहे : दुःख निरोगी, नैराश्य नव्हे, खेद निरोगी, आत्मधिक्कार नव्हे. कर्ज, पिकाची बुडीत, जातीचा किंवा बाईपणाचा जाच ही माणसाच्या डोक्यातली चूक नव्हे. तिला ‘चुकीचा विचार’ ठरवणारा उपचारक विवेकनिष्ठ नव्हे, निष्ठुर आहे.

आता मूळ प्रश्न : बरोबर माणूस कसा ओळखायचा? पहिली कसोटी शिक्षणाची. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, औषध देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंद १९९२ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र दीर्घकाळ कोणीही लावू शकत असे. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने या क्षेत्राला नियमनाच्या कक्षेत घेतले आहे. म्हणून पदवी, नोंदणी आणि या विशिष्ट पद्धतीचे प्रशिक्षण कोठे, कोणाच्या देखरेखीखाली झाले, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. दुसरी कसोटी कामाची. या पद्धतीत उद्दिष्ट दोघांनी मिळून ठरते, दोन भेटींच्या मध्ये करायचा गृहपाठ असतो आणि काही आठवड्यांनी काय बदलले याचा हिशेब होतो. नुसते व्याख्यान किंवा नुसता दिलासा चालू असेल, तर ते दुसरे काही तरी आहे. तिसरी कसोटी गुप्ततेची. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ती रुग्णाचा हक्क मानली आहे. चौथी भाषेची, जिच्याविषयी वर लिहिले. आणि पाचवी : न पटल्यास दुसरीकडे जाण्याची मोकळीक. पहिला माणूस जुळला नाही म्हणजे उपचारच खोटा, असे ठरत नाही. मात्र जीव नकोसा वाटत असेल, तर निवडीत वेळ न दवडता जवळच्या रुग्णालयात जावे. २०२२ पासून ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे. तिथे मराठीत बोलता येते.

आमचा विद्यार्थी अधिकारी झाला नाही. सध्या तो तालुक्यातच एका पतसंस्थेत काम करतो. परवा स्थानकावर भेटला तेव्हा म्हणाला, “यंदा शेवटची एकदा बसावं म्हणतोय.” आम्ही सवयीने काही तरी बोलणार होतो. मग त्याचे वाक्य पुन्हा मनात ऐकले. त्यात ‘च’ नव्हता. आम्ही म्हटले, “बस की.” आणि सोलापूरची गाडी लागली.