जीप आणि तिचे सारथी



ज्या भागाला आपण रोज सहजपणे 'पडाव' म्हणतो, त्या शब्दापासूनच आजच्या विषयाला आरंभ करतो. कोकणातल्या मराठी माणसाला पडाव म्हटले की मालवाहू होडी आठवते. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला मात्र हिंदीच्या सहवासाने त्या शब्दाचा दुसरा अर्थ अंगवळणी पडला आहे: वाटेवरचा मुक्काम, तळ. आपले 'लष्कर'ही तसेच. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली आणि छावणीचेच शहर झाले. ज्या नगरीच्या दोन वस्त्यांची नावेच प्रवासाची आणि मुक्कामाची आहेत, तिने वाहनांचा इतिहास मनावर घ्यावा, हे योग्यच होय. पण आपल्याकडे वाहनांचा इतिहास म्हणजे महाराजांच्या मोटारींचा इतिहास असे एक समीकरण होऊन बसले आहे. मोटार कोणाची होती हे आपण सांगतो. ती चालविली कोणी, आणि चालविणाऱ्याचे तिच्याशी काय नाते होते, हे सांगत नाही. आज मला या दुसऱ्या प्रश्नाकडे वळावयाचे आहे, आणि त्यासाठी मी जे वाहन निवडले आहे ते राजवाड्यातले नव्हे. ते आहे जीप.

तथापि राजवाड्याला अगदीच वगळून चालणार नाही. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची एक कसोटीची स्पर्धा झाली. सुमारे ६२० मैलांचे अंतर आणि वाटेत सहा घाट. खडी, धूळ, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या आणि नद्यांचे उतार यांतून जावयाचे होते. ती स्पर्धा एका रोल्स-रॉइस मोटारीने गाजविली, आणि 'पर्ल ऑफ द ईस्ट' या नावाने ओळखली जाणारी ती मोटार पुढे आपल्या माधव महाराजांनी विकत घेतली. म्हणजे सह्याद्रीच्या घाटांत परीक्षा दिलेले वाहन ग्वाल्हेरच्या पागेत आले. यात मला एक सूचक गोष्ट दिसते. आपल्या देशात मोटारीची पहिली परीक्षा वेगाची नव्हतीच. ती वाटेची होती. वाट नसेल तेथून ही गाडी जाईल काय, हा आपला पहिला प्रश्न. त्याचे स्वस्त, सर्वांच्या आटोक्यातले उत्तर मिळावयास मात्र आणखी चाळीस वर्षे जावी लागली.

ते उत्तर युद्धातून आले. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्याने हलक्या, चारही चाकांना जोर असलेल्या टेहळणीच्या गाडीची मागणी केली. बँटम या लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा करून घेऊन त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पहिला नमुना सैन्यापुढे उभा केला. पुढे विलीज आणि फोर्ड या मोठ्या कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. मूळ कल्पना ज्या कंपनीची, तिच्या वाट्याला मात्र त्यांतला अगदी थोडा हिस्सा आला. कारखानदारीच्या जगात हे नवे नाही.

हिंदुस्थानात ही गाडी प्रथम सैन्याबरोबर आली आणि युद्ध संपल्यावर 'डिस्पोजल'मध्ये विकली गेली. त्याच सुमारास, २ ऑक्टोबर १९४५ रोजी, लुधियान्यास महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात अर्थमंत्री झाले, १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले, आणि १९४९ मध्ये मुंबईत माझगावला जोडणी केलेली विलीज जीप बाहेर पडली. पुढे हे काम कांदिवलीस आणि नाशकासही पसरले. जीपचा जन्म अमेरिकेचा खरा, पण तिचे हिंदी रूप मराठी मुलखात घडले, असे म्हणावयास हरकत नाही.

आता मुख्य प्रश्न. जीप ही सुखाची गाडी कधीच नव्हती. पाट्यांच्या स्प्रिंगा कडक, आसने लाकडी बाकाहून थोडीशी बरी, उन्हाळ्यात अंगावर लू आणि पावसाळ्यात बाजूच्या ताडपत्रीतून आत येणारे पाणी. असे असता चालकांचा तिच्यावर जीव का जडला?

माझ्या मते पहिले कारण असे की ही गाडी चालकाला कळत होती. बॉनेट उघडले की सारे काही डोळ्यांपुढे असे. चार सिलिंडरचे इंजिन, कार्बुरेटर, डिस्ट्रिब्युटर, पंखा. पाना आणि पक्कड घेऊन बसलेला माणूस त्यातले बहुतेक सर्व सोडवू आणि पुन्हा जोडू शके. १९५३ साली विलीजने सीजे-३बी हे जे प्रतिरूप काढले, त्याचे बॉनेट आधीच्यापेक्षा उंच होते; कारण नव्या इंजिनात हवा आत घेणारे वॉल्व्ह वरच्या बाजूस आले आणि इंजिनाची उंची वाढली. अमेरिकेत ही गाडी १९६८ साली बंद झाली. आपल्याकडे तोच उंच कपाळाचा चेहरा त्यानंतरही कित्येक दशके निघत राहिला. याला कोणी मागासलेपणा म्हणेल, आणि कारखानदाराच्या दृष्टीने ते काही अंशी खरेही असेल. परंतु चालकाच्या बाजूने पाहिले तर बापाने शिकलेली विद्या मुलालाही उपयोगी पडत होती. यंत्र बदलत नसल्यामुळे विद्या साठत गेली.

ती विद्या कशी होती याचे एक उदाहरण देतो. ग्वाल्हेरचा उन्हाळा आपणांस सांगावयास नको. पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेला की पेट्रोल पंपाकडून कार्बुरेटरकडे जाणाऱ्या नळीतच पेट्रोलची वाफ होई. पंप द्रव पदार्थ ढकलण्यासाठी बनविलेला. वाफ त्याला ढकलता येईना आणि गाडी माळावर थांबे. यावर उपाय म्हणजे पंपावर ओले फडके गुंडाळणे. पंप थंड झाला की वाफेचे पुन्हा पेट्रोल होई आणि हँडल मारताच गाडी सुरू. त्यामागचे पदार्थविज्ञान आपण येथे आठवी-नववीत शिकलो. चालक ते फडक्याने शिकला.

दुसरी गोष्ट त्या प्रसिद्ध दांड्यांची. गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन आखूड दांड्या असत. एकीने पुढच्या चाकांना जोर मिळे. दुसरीने चाकांची गती निम्म्याहून कमी होई आणि ओढ तितक्याच पटीने वाढे. या दुसऱ्या दांडीला आपल्या चालकांनी 'स्पेशल गिअर' असे नाव दिले. कंपनीच्या पुस्तकातले नाव वेगळे आहे, पण हे नाव अधिक खरे. वाळूत किंवा चिखलात चारही चाके रुतली, गाडीतले साहेब खाली उतरून कपाळावरचा घाम पुसू लागले, की त्या क्षणी निर्णय एकाच माणसाच्या हाती असे. रेस किती द्यावी, क्लच केव्हा सोडावा, कोणत्या चाकाखाली फांद्या घालाव्यात, हे त्यालाच ठाऊक. एरवी ज्याला 'ए ड्रायव्हर' म्हणत, तो त्या घटकेस 'उस्ताद' होई. गाण्याच्या या नगरीत उस्ताद हा शब्द किती जपून वापरतात हे आपण जाणताच. गॅरेजमध्येही तो जपूनच वापरला जाई, आणि तेथेही क्लीनर म्हणून वर्षानुवर्षे हातात हत्यारे देण्याची तालीम केल्यावाचून कोणी उस्ताद होत नसे.

येथेच त्या प्रेमाचे दुसरे कारण आहे. जीप चालकाच्या मालकीची क्वचितच असे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ ठिकाणी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि जीप हे विकास अधिकाऱ्याचे वाहन झाले. युनिसेफच्या साह्याने आरोग्य केंद्रांना गाड्या मिळाल्या. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि 'सभापतींची जीप' ही एक संस्थाच झाली. देवीची लस, निवडणुकीच्या पेट्या, दुष्काळी कामांचे हजेरीपट हे सारे जीपनेच गेले. अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलत; चालक मात्र त्याच गाडीवर दहा-दहा वर्षे राही. कोणत्या गावाचा ओढा कोठून ओलांडावा, हे फायलीत नसे. ते त्याच्या डोक्यात असे. सरकारी मालमत्तेविषयी आपल्या देशात आपुलकी नसते असे आपण म्हणतो. या एका वाहनाच्या बाबतीत ते विधान फारसे टिकत नाही.

चंबळेच्या खोऱ्याकडे वळलो की जीपची थोरवी जितकी कळते, तितकीच तिची मर्यादाही कळते. मुरैना आणि भिंडकडच्या बीहडात पाण्याने कापलेल्या मातीच्या घळी आहेत. त्यांच्या कडेपर्यंत जीप जाते, आत माणसाने पायीच उतरावे लागते. चित्रपटांनी दरोडेखोर आणि जीप यांचे जे नाते रंगविले, त्यात धूळ खरी, बाकी बरेचसे खोटे. १९६० च्या मे महिन्यात वीस बागींनी शस्त्रे खाली ठेवली ती गागोद्याच्या विनोबांपुढे, आणि विनोबा पायी आले होते. त्या वेळी मध्य प्रदेशच्या पोलीस दलाचे प्रमुख असलेले रुस्तमजी, जन्माने नागपूरजवळच्या कामठीचे, यांना हा मार्ग पसंत नव्हता. १९७२ साली जौऱ्यास जयप्रकाशजींसमोर याहून पुष्कळ मोठे समर्पण झाले. पुढे याच रुस्तमजींनी सीमा सुरक्षा दल उभारले, आणि त्या दलाची प्रबोधिनी आपल्या शेजारी टेकनपूरला आली. तेथील मोटार वाहतूक विद्यालयात दलाचे चालक शिकून निघतात. राजस्थानच्या वाळूत जी गाडी धावते, तिच्या सारथ्याचे धडे झाशी रस्त्यावर गिरविलेले असू शकतात, ही आपल्या नगरीच्या इतिहासातली नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

या प्रेमाला काळी बाजूही आहे. ती लपविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पेट्रोल महागल्यावर जीपांत डिझेल इंजिने आली आणि जीप भाड्याची झाली. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात तिला 'वडाप' म्हणतात, विदर्भ-मराठवाड्यात 'काळी-पिवळी'. जेथे एस.टी. दिवसातून एकदाच जाते तेथे वडापने बाजार, दवाखाना आणि कॉलेज गाठून दिले, यात शंका नाही. पण नऊ-दहांच्या गाडीत वीस माणसे, मागच्या पायरीवर चौघे आणि चालकाच्या मांडीला मांडी लावून आणखी एक, असा तो प्रवास असे. चालकाचा गाडीवरचा विश्वास आंधळा झाला की तो उताऱ्यांच्या जिवावर बेते. जीप काहीही ओढते, हा तिचा गुणच तिच्या अनेक अपघातांचे कारण झाला आहे. शिवाय आखूड बांध्याची ही उंच गाडी भर वेगात वळविली तर उलटते, हे जुन्या चालकांना पक्के ठाऊक असे आणि नव्यांना नसे.

जीपच्या भावंडांचा केवळ उल्लेख करतो. जबलपूरच्या कारखान्यात निस्सानच्या परवान्याने बनलेली जोंगा १९९९ पर्यंत सैन्यासाठी निघत होती; लिलावात ती घेणारे शौकीन आजही तिचे गोडवे गातात. १९८५ च्या अखेरीस आलेली मारुतीची जिप्सी हलकी आणि चपळ. तिने पोलिसांत आणि अभयारण्यांत जीपची जागा घेतली. पण जुन्या चालकांच्या मते जिप्सी हुशार होती, जीप मायाळू. हे मोजता येणारे विधान नव्हे. तरी ते टाकून देण्याजोगेही नाही.

महिंद्रची थार २०१० साली आली, तिचे नवे रूप २ ऑक्टोबर २०२० रोजी विक्रीस निघाले आणि २०२४ मध्ये पाच दारांची आवृत्ती आली. (पायी चालणाऱ्या महात्म्याच्या जयंतीशी या घराण्याचा योग वारंवार का जुळावा, कोण जाणे.) आज पडावच्या पुलावरून जाताना ती हरघडी दिसते. तिच्यावर तरुणांचे प्रेम आहे आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. मात्र ते प्रेम वेगळ्या जातीचे आहे. आजची गाडी संगणकाने बोलते. तिचे दुखणे कानाने ओळखता येत नाही, यंत्र लावून वाचावे लागते. मालक आणि चालक एकच झाला, पण गाडी त्याला कळेनाशी झाली. चिखलात उतरण्यासाठी घेतलेल्या कित्येक थारांचा स्पेशल गिअर कधी पडतच नाही.

शेवटी एक विनंती. प्रत्येक सरकारी जीपबरोबर एक लॉग-बुक असे. तारीख, निघाल्याचे ठिकाण, पोहोचल्याचे ठिकाण, किलोमीटर, भरलेले इंधन, कामाचे स्वरूप आणि खाली चालकाची सही. साथीच्या वर्षी लस कोणत्या दिवशी कोणत्या गावी पोहोचली, पुरात कोणता रस्ता किती दिवस बंद होता, हे त्या पानांत सापडते. गाडी निर्लेखित झाली की तिचा लिलाव होतो आणि मुदत संपलेली लॉग-बुके रद्दीत जातात. आपले अनेक माजी विद्यार्थी महसूल, आरोग्य, सिंचन आणि पोलीस खात्यांत आहेत, काही सेवानिवृत्त होऊन घरी आहेत. ज्यांच्या घरी वडिलांची वा आजोबांची अशी एखादी वही, वाहन चालविण्याचा जुना परवाना, गाडीसमवेत काढलेले छायाचित्र असेल, त्यांनी त्याची प्रत शाळेच्या ग्रंथालयात द्यावी. ग्रंथपालांशी माझे बोलणे झाले आहे. एक कपाट रिकामे करून देण्याचे त्यांनी मान्य केले आहे. वहीवरील चालकाची सही वाचता येत नसेल तर गावातल्या कोणा वडीलधाऱ्यास विचारून नाव शाईने खाली लिहून आणावे.