आल्पीन

हलक्या वजनाच्या स्पोर्ट्स मोटारी बनवणारी छोटी फ्रेंच कंपनी. कारखाना फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील दिएप या बंदरात. संस्थापक झाँ रेदेले (१९२२–२००७) हे दिएपचेच. तेथे ते रेनो मोटारींची एजन्सी चालवीत आणि रेनोच्या ‘४ सीव्ही’ या साध्या घरगुती गाडीत सुधारणा करून शर्यतींत उतरत. आल्प्सच्या घाटांतल्या ‘कूप देझ आल्प’ स्पर्धेतील यशावरून त्यांनी १९५५ मध्ये स्थापलेल्या कंपनीला आल्पीन हे नाव दिले.

स्वतःचे इंजिन बनवण्याइतके भांडवल नव्हते. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स रेनोचे, त्यावर काचतंतू व पॉलिएस्टरची हलकी बॉडी, अशी पहिली ‘ए १०६’ तयार झाली. या अडचणीतूनच कंपनीची खरी ओळख घडली : ताकद वाढवता येत नसेल, तर वजन उतरवायचे.

१९६२ मध्ये आलेली ‘ए ११०’ ही या विचाराची सर्वांत सुंदर परिणती होय. मधोमध जाणारी एकच जाड पोलादी नळी हा तिच्या सांगाड्याचा कणा. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. गाडी इतकी बुटकी, की उंच माणसाला आत शिरताना अंग चोरावे लागे. मागच्या भारामुळे वळणावर तिची शेपटी बाहेर फेकली जाई. कसलेले चालक मात्र बर्फाळ घाटात याचाच फायदा उठवत. १९७१ ची माँटे कार्लो रॅली ओव्ह अँडरसन यांनी तिच्यातून जिंकली. १९७३ मध्ये तर तेथील पहिले तिन्ही क्रमांक आल्पीनचे होते, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या जागतिक रॅली स्पर्धेचे पहिले उत्पादक-विजेतेपदही तिलाच मिळाले. एका बंदरगावच्या कारखान्याने मोठमोठ्या कंपन्यांना मागे टाकले, ही मोटार-इतिहासातील थोर घटना मानावी लागेल.

त्याच वर्षी कंपनीची मालकी रेनोकडे गेली. १९७८ मध्ये रेनो-आल्पीनने ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. ‘ए ३१०’ आणि ‘ए ६१०’ या नंतरच्या मोटारींना मात्र ‘ए ११०’ची सर आली नाही. १९९५ मध्ये उत्पादन थांबले. दिएपचा कारखाना रेनोच्या खास गाड्या बनवत तगून राहिला.

२०१७ मध्ये त्याच कारखान्यातली नवी ‘ए ११०’ जाहीर झाली. बॉडी ॲल्युमिनियमची, वजन सुमारे ११०० किलो. तिच्या पहिल्या आवृत्तीच्या १९५५ गाड्या काढल्या गेल्या. हा आकडा म्हणजे कंपनीच्या स्थापनेचे वर्ष. २०२१ पासून रेनोचा फॉर्म्युला वन संघही आल्पीन या नावाने उतरू लागला.