बळ, मेद आणि दम : तालमीपासून सैन्यभरतीपर्यंत

आपल्याकडे मारुतीचे देऊळ आणि तालीम यांची जोडी जुनी आहे. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी आजच्या सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत अकरा मारुती स्थापिले आणि बलोपासनेला धर्माचरणात स्थान दिले, हे सर्वश्रुत आहे. परंतु बलोपासना म्हणजे केवळ दंड फुगविणे, असा जो समज पुढे रूढ झाला, तो उपास्य दैवताच्या चरित्राशीही जुळत नाही. मारुतीराय पर्वत उचलतात ते बळ, समुद्र उल्लंघितात ते लाघव, आणि रात्र सरण्यापूर्वी औषधी घेऊन परततात तो दम. सैनिकाच्या देहातही ही तीन अंगे एकत्र नांदावी लागतात. इतिहासाची साक्षही हेच सांगते.

१६६० च्या जुलै महिन्यात शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले. भर पावसाळा, रात्रीचा अंधार, चिखलाची डोंगरवाट आणि पाठीवर सिद्दी जौहरचे सैन्य, अशा स्थितीत मावळ्यांनी ती वाट तुडविली. त्या अखंड चालीनंतर बाजीप्रभू देशपांडे व त्यांचे सोबती खिंडीत उभे राहून लढले. आखाड्यातील मल्ल ताज्या अंगाने मातीत उतरतो. सैनिकाला मात्र आधी मैलोगणती चालावे लागते आणि मग थकल्या पायांवर उभे राहून हात चालवावा लागतो. म्हणूनच पहिलवानाचा देह आणि शिपायाचा देह यांत भेद करणे प्राप्त होते.

देहाचा आकार आणि बळ यांच्या प्रमाणाचा प्रश्न आखाड्यातही उपस्थित झालाच. निजामाच्या मुलखातील अली व गुलाब या दोन धिप्पाड मल्लांनी पेशव्यांच्या दरबारी येऊन आव्हान दिले आणि तरुण बाळंभटदादा देवधरांनी ते स्वीकारून अलीस चीत केले, अशी कथा मल्लखांबाच्या परंपरेत सांगितली जाते. कथा बाजूस ठेवली, तरी दुसऱ्या बाजीरावांच्या काळात मल्लखांबाला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय बाळंभटदादांनाच दिले जाते. या विद्येचे मर्म असे की, खांबावर प्रत्येकास स्वतःचेच वजन पेलावे लागते. स्नायू भार उचलतो. अंगावर साठलेला अधिक मेद मात्र निव्वळ भार होऊन राहतो. तथापि मेद सर्वस्वी त्याज्य आहे असेही नव्हे. लांबच्या चालीत तोच इंधन म्हणून खर्ची पडतो, आणि तो फाजील घटविला तर शरीर स्नायूंवरच घाला घालते.

तिसरे अंग दमाचे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रसार केला व आपल्या संस्थानातील शाळांतून ते चालू केले. सलग घातलेल्या नमस्कारांनी छाती, खांदे व पाय यांबरोबर श्वासालाही वळण लागते. बळ आणि दम यांची ही सांगड विनाखर्चाची असल्याने गरिबालाही साधणारी आहे.

आता आपल्या सीमाभागाकडे वळू. कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील खजुरी हे गाव १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होते. १९५६ साली ते म्हैसूर राज्यात गेले आणि १९७३ साली त्याच राज्याचे कर्नाटक झाले. राज्ये बदलली, तरी शेतीवर सर्वांचे भागत नाही हे वास्तव बदलले नाही. आणि अशा गावांतील तरुणांना सैन्यभरती हा मानाचा मार्ग वाटतो. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर धावेला अधिकाधिक ६० गुण व आडव्या दांडीला लोंबकळून अंग वर उचलण्यास ४० गुण ठेविले गेले. नऊ फुटी खंदक आणि तोल यांत केवळ उत्तीर्ण व्हावयाचे. धावेचे पूर्ण गुण साडेपाच मिनिटांच्या आत पोहोचणाऱ्यास आणि दांडीचे पूर्ण गुण दहा वेळा अंग उचलणाऱ्यास. या दोन्ही कसोट्यांत पोकळ स्थूलता आड येते आणि उपासमारीने आलेला रोडपणाही आड येतो.

तरुणांच्या चुकाही दोन प्रकारच्या आहेत. कोणी वजने उचलून दंड कमावतो आणि अर्ध्या मैलात धापा टाकतो. कोणी जेवण तोडून एकाएकी रोज मैलोगणती धावतो. मग नडगीचे हाड दुखावते आणि भरतीचा दिवस हुकतो. वयोमर्यादा कोणासाठी थांबत नाही, म्हणून ही चूक महाग पडते. आठवड्यातून तीन दिवस धाव, त्यात एक दिवस लांब व संथ, एक दिवस आखूड व वेगवान. दोन-तीन दिवस जोर, बैठका व दांडी. एक दिवस पूर्ण विश्रांती. आणि अंतर हळूहळू वाढविणे, हा क्रम हितकर होय. आहारास आपल्या भागाची ज्वारीची भाकरी, तुरीची डाळ, शेंगदाणे व दूध पुरेसे आहे. उपवासाच्या दिवशी कडक धाव टाळावी, आणि उन्हाळ्यात धाव पहाटेच उरकून पाणी भरपूर प्यावे.

देवस्थानच्या विश्वस्तांना एक विनंती. देवळालगतची तालीम ओस पडली असेल, तर ती झाडून घ्यावी, तिथे एक लोखंडी दांडी बसवावी आणि गावाबाहेर एक मैलाची वाट मोजून खुणा कराव्यात. खर्च अल्प आहे. आणि मारुतीच्या उपासनेचे ते विधिवत अंग ठरेल.