बर्नूली घराण्यांतील पितापुत्रकलह

समपातळीवरील नळींत पाण्याचा वेग जेथें वाढतो तेथें त्याचा दाब घटतो, हें तत्त्व कॉलेजांतील विद्यार्थी डॅनियल बर्नूलीच्या नांवानें पाठ करतात. या तत्त्वाच्या जन्मकाळींच बापलेकांत कलह माजला, आणि त्याचा निवाडा समजतात तितका सरळ नाहीं असें आम्हांस वाटतें.

डॅनियलचा पिता योहान हा बाझलचा विख्यात गणिती. वडील बंधु याकोब याच्याशीं त्याचें हाडवैर होतेंच. मुलानें व्यापारांत शिरावें ही त्याची इच्छा. अखेर तडजोड होऊन डॅनियल वैद्यक शिकला. परंतु लाइब्निट्झचा 'जिवंत शक्ती'च्या अक्षय्यतेचा सिद्धांत त्याला बापानेंच शिकविला, आणि सेंट पीटर्सबर्गच्या अकादमींत असतां डॅनियलनें तोच वाहत्या पाण्यास लावला. नळीच्या भिंतीस छिद्र पाडून त्यांत कांचेची उभी नळी बसवावयाची, व तींत पाणी किती चढतें यावरून दाब मोजावयाचा, ही त्याची युक्ति.

१७३४ सालीं पॅरिसच्या अकादमीनें आपलें पारितोषिक बापलेकांत विभागून दिलें. मुलाच्या बरोबरीस बसणें योहानच्या जिव्हारीं लागलें. १७३८ मध्यें 'हायड्रोडायनॅमिका' हा ग्रंथ निघाला, तेव्हां मुखपृष्ठावर डॅनियलनें स्वतःस 'योहानचा पुत्र' म्हणविलें. (रिवाज म्हणा कीं मनधरणी!) चारपांच वर्षांनीं योहानच्या समग्र लेखनांत 'हायड्रॉलिका' प्रसिद्ध झाली, तिच्या शीर्षकांत साल होतें १७३२. दहा वर्षांची मेहनत एका क्षणांत लुबाडली गेली, असें डॅनियलनें ऑयलरला कळविलें.

साल घातलें तें खोटेंच. त्याचें समर्थन होणार नाहीं. परंतु मजकूर सर्वस्वीं चोरीचा होता हें आम्हांस पटत नाहीं. डॅनियलनें शक्तीचा जमाखर्च मांडला. योहाननें पाण्याच्या एकेका पातळ थरावर पडणाऱ्या प्रेरणांचा विचार केला, आणि प्रवाहाच्या आंतील दाबाची कल्पना अधिक स्वच्छ केली. १७५५ च्या सुमारास ऑयलरनें जीं सामान्य समीकरणें मांडलीं, त्यांना ही दृष्टि जवळची. आपण पाठ करतों तें 'बर्नूलीचें समीकरण' त्या रूपांत लेकाच्या ग्रंथांत नाहीं, बापाच्याही नाहीं. पंचाहत्तरी गांठलेल्या त्या म्हाताऱ्यानें खरें साल छापलें असतें, तरी त्याचा वांटा त्याला मिळाला असता.

'हायड्रोडायनॅमिके'च्या दहाव्या प्रकरणांत डॅनियलनें वायूचा दाब म्हणजे असंख्य धांवत्या कणांचे भिंतीवरील आघात, असें प्रतिपादिलें आहे. त्या प्रकरणाकडे पुढें शतकभर फारसें कोणी वळलेंच नाहीं.