तारीख

सुरत-भुसावळ मार्गावरच्या खांडबारा स्थानकात तिकीट काढलं की त्यावर तारीख-वेळ आपोआप उमटते. यंत्र ती आणतं कुठून? बहुतेक संगणकांचा हिशेब १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून सेकंदांत चालतो. मध्यरात्र ग्रिनिचची, खांडबाऱ्यात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते! प्रोग्रामने ‘आत्ता’ मागितलं की त्याच सेकंदांची तारीख करून मिळते.

‘तारीख’ हा शब्द मात्र चंद्राच्या घरचा. अरबीत त्याचा अर्थ कालनोंद, तसाच इतिहासही. सेमिटिक मुळाशी चंद्र आणि महिना. हिब्रूत चंद्राला म्हणतात ‘यारेआख’, तो याचाच भाऊबंद. फारसी दप्तरांतून तारीख मराठीत रुळली, इतिहासाचा अर्थ ‘तवारीख’कडे सोपवून. गंमत अशी, की चंद्राची तिथी आपल्याकडे आधीच होती. मग चंद्रवंशी तारखेच्या वाट्याला आलं इंग्रजांचं सौर कॅलेंडर.

सरकारी अर्जावर आता ‘दिनांक’ असतो, पण तो बोलण्यात काही उतरत नाही. कोर्टात तारीख पडते, लग्नाची तारीख धरतात, बिलाची उलटून जाते. आणि शिवजयंती तिथीने की तारखेने, हा वाद दर फेब्रुवारीत निघतोच.